झाकून ठेवलेलं ताट

ताई,
मी 38 वर्षांची. नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे आम्ही डोंबिवलीत राहतो. सासरचं गाव संगमेश्वरजवळ. दर गणपतीला सगळे गावी जातो आणि दर वर्षी काहीतरी घोळ होतोच. गेल्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघालो. आमची एक गाडी, धाकट्या दिरांची एक. माणगावच्या पुढे चहाला थांबलो. सासरे दुसऱ्या गाडीत बसले असतील असं दोन्ही गाड्यांना वाटलं. महाडला लक्षात आलं. परत गेलो तर ते टपरीवाल्याला भज्यांसाठी कांदा चिरून देत होते. सासूबाईंनी आंबोळ्यांचं पीठ आदल्या रात्री वाटून डब्यात भरून घेतलं होतं. दिवसभर गाड्या अडकल्या, पीठ फुगलं आणि परशुराम घाटात झाकण उडालं. सीट, पायपोस, पूजेसाठी नेलेलं नवऱ्याचं रेशमी सोवळं, सगळं बरबटलं. पीठ सासूबाईंचं, तरी पहिल्या त्याच हसल्या! पहाटे साडेचारला निघालेलो, रात्री साडेबाराला पोचलो. सासरे म्हणाले, राहू दे, सकाळी बघू. त्यांचा स्वभावच बेफिकीर. मी मागल्या दारी पाण्याच्या डोणीपाशी बसून सगळं धुतलं. आतून हसण्याचे आवाज येत होते. दोन वाजता आत गेले तर निजानीज झालेली. गावच्या जाऊबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं, पण भूक मेली होती.

आता कोणीही घरी आलं की हे किस्से सुरू होतात. मुलगी तर झाकण कसं उडालं ते अभिनय करून दाखवते, तिलाही हीच सवय लागतेय. देवाच्या सोवळ्याची नासाडी झाली, म्हातारा माणूस रस्त्यात राहिला, यात हसण्यासारखं काय आहे? मैत्रीण म्हणाली, कृतज्ञतेची वही लिही, रोज तीन गोष्टी. आठ महिने लिहितेय. रोज तेच लिहिलं जातं: घर, नोकरी, तब्येत. माझ्यात विनोदबुद्धीच नाही का?
— डोंबिवलीची एक सून

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. टपरीवर राहिलेल्या सासऱ्यांबद्दल तू भरभरून लिहिलंस, झाकणाबद्दल लिहिलंस, सोवळ्याबद्दल तर जीव तोडून. एका गोष्टीची मात्र एका ओळीत बोळवण केलीस. जाऊबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं, पण भूक मेली होती. मी तिथेच थांबले आहे.

त्या ताटाकडे जरा माझ्याबरोबर बघ. चतुर्थी दोन दिवसांवर आलेली. गावच्या घरात त्या दिवसांत काय चालू असतं हे तुला सांगायला नको. आढ्याची जळमटं काढायची, पितळेची भांडी चिंचेने घासायची, करंज्या-लाडू उरकायचे. हे सगळं करून जाऊबाईंनी तुमच्यासाठी रांधलं आणि त्या वाट बघत बसल्या. तुम्ही साडेबाराला पोचलात. त्यांनी सगळं पुन्हा गरम केलं आणि आलेल्या सगळ्यांना वाढलं. त्या हसण्याखिदळण्याच्या गलक्यात त्यांच्या लक्षात आलं की एक माणूस जेवायचं राहिलंय. त्याच दिवशी दोन गाड्या भरून निघालेल्या शहाण्या माणसांना स्वतःच्या घरातली डोकी मोजता आली नव्हती. जाऊबाईंना मध्यरात्री, दमलेल्या अंगाने, ती मोजता आली. मांजराने तोंड घालू नये म्हणून त्या झाकणावर त्यांनी काहीतरी जडही ठेवलं असेल.

सकाळी त्या ताटाचं काय झालं? तू लिहिलेलं नाहीस. बहुधा जाऊबाईंनीच ते गाईपुढे ठेवलं असेल आणि कोणाला काही बोलल्या नसतील.

आता तुझी वही. आठ महिने रोज तीन, म्हणजे सातशेच्या वर ओळी झाल्या. घर, नोकरी, तब्येत. हे चांगलंच आहे, कोण नाही म्हणेल? पण या सातशे ओळींमध्ये एकाही माणसाचं नाव नाही. कोणी, कधी, काय केलं, यातलं काहीच नाही. म्हणून ती वही तुला कोरडी लागते. ज्या रात्री तुझ्यासाठी खरोखर कोणीतरी काहीतरी केलं, ती रात्र तू तक्रारीच्या खात्यात मांडून ठेवलीस.

आणि मला तुझा रागही आलाय, तोही सांगते. रात्री साडेबारा ते दोन तू डोणीपाशी होतीस. तुला कोणी बसवलं होतं? सासरे म्हणाले, राहू दे, सकाळी बघू. तू त्यात त्यांचा बेफिकीर स्वभाव वाचलास. मी वाचलं, पोरी, ये, आमच्यात बस. वीस तास प्रवास करून आलेला, मधे टपरीवर एकटा राहिलेला तो म्हातारा माणूस तुला जेवायला बोलावत होता. पीठ वाळलं की निघत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून पायपोस डोणीत बुडवायचे, सोवळं गार पाण्याच्या बादलीत टाकायचं आणि आत यायचं. पाच मिनिटांचं काम. नवऱ्याने उठायला हवं होतं का? हवं होतं. सकाळी उठल्याबरोबर बादली त्याच्याच हातात द्यायची होती. तो हिशेब तुझा-त्याचा, आणि तो खुशाल वाजवून घे. पण दीड तास तू घरासाठी धूत होतीस हे मला पटत नाही. तू त्यांच्यावर चिडून धूत होतीस, आणि आतून हसण्याचा आवाज आला की पिळा आणखी घट्ट बसत होता.

विनोदबुद्धीचं विचारलंस. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ होते. माणसं नेमकी कधी हसतात याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं केल्या. एकटं असताना हसतो त्याच्या सुमारे 30 पट जास्त माणूस चारचौघांत हसतो, असं त्यांना आढळलं. आणि त्यातलं बहुतेक हसणं विनोदावर नसतंच, अगदी साध्या बोलण्यावर असतं. त्या रात्री तू एकटी होतीस. डोणीतलं पाणी, ओला पायपोस आणि तू. तिथे कोणाला हसू आलं असतं?

आमच्याकडे झालेली फजिती तेव्हाच्या तेव्हा कधीच हसण्यासारखी नसते. गाडीत पीठ वाहत होतं तेव्हा आत काय झालं असेल मला कळतं: आरडाओरडा, कोणीतरी कोणावर तरी खेकसणं, पुसायला फडकं न सापडणं. त्याची गोष्ट झाली ती नंतर, पानावर बसल्यावर. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने दुरुस्ती केली, सासरे म्हणाले असतील की मी हरवलो नव्हतोच, तुम्हीच पुढे गेलात. त्या अर्ध्या तासात दिवसभराचा शीण त्यांच्या अंगावरून उतरला. तुझ्या अंगावरून उतरला नाही. तू जेवायलाही बसली नाहीस आणि गोष्टीलाही बसली नाहीस, म्हणून वर्षभर तो दिवस तुझ्याकडे ओल्या पायपोसासारखाच पडून आहे.

देवाच्या सोवळ्यावर हसू नये असं तुझं म्हणणं. मग त्याच देवाची गोष्ट आठव. मोदक खाऊन पोट तुडुंब भरलेले गणपतीबाप्पा उंदरावरून पडले आणि वरून चंद्र हसला. म्हणून तो शापाचा धनी झाला आणि म्हणून भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण चंद्राकडे बघत नाही. लहानपणापासून ऐकतेस ना? चंद्र लांबून हसला. त्याचं काही सांडलं नव्हतं, त्याला कुठे खरचटलं नव्हतं. तुझ्या घरी हसणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला पीठ चिकटलेलं होतं. सासूबाईंनी डाळ-तांदूळ भिजत घातले, वाटले, नातवंडांना सकाळी गरम आंबोळी मिळावी म्हणून तो डबा संगमेश्वरपर्यंत न्यायला निघाल्या, आणि सगळं वाहून गेल्यावर पहिल्या त्या हसल्या. मला त्या बाईला एकदा भेटायला आवडेल.

तुझ्या मुलीला ही सवय लागतेय म्हणतेस. लागू दे! अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना त्यांच्या घराबद्दल 20 प्रश्न विचारले होते: आईवडील कसे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, तुझं नाव कसं ठेवलं. घरच्या गोष्टी ज्यांना जास्त माहीत होत्या, ती मुलं स्वतःबद्दल अधिक खात्रीची आणि मनाने अधिक खंबीर दिसली. पाठ करून घेऊन हे होत नाही, हेही ते सांगतात. जेवताना, प्रवासात, सणावारी मोठी माणसं बोलत बसतात आणि मुलं ऐकतात, त्यातून ते येतं. तुझ्या मुलीला ते आयतं मिळतंय. आजोबा हरवले आणि सापडले, आजीचं पीठ गेलं तरी आजी हसली. पुढे तिच्या स्वतःच्या आयुष्यात काही सांडेल तेव्हा हे तिच्या कामाला येईल.

फक्त तिच्या त्या अभिनयात आई कुठे असते, ते एकदा बघ.

हे विचारण्याचं कारण माझं स्वतःचं आहे. आम्ही भावंडं जमलो की अजून रात्र रात्र बोलतो. पावसात छपराचा पत्रा उडाला ती रात्र, लग्नाच्या आदल्या दिवशी गूळ मुंग्यांनी भरला ती दुपार, धाकटा भाऊ जत्रेत हरवून दुसऱ्याच्याच बैलगाडीत झोपलेला सापडला तो दिवस. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. आणि मधेच कोणीतरी विचारतं, तेव्हा आई कुठे होती? उत्तर नेहमी तेच असतं. आई आत होती. आई भांडी घासत होती. आईने ते सगळं निस्तरलं म्हणून आम्ही हसू शकलो हे आम्हाला कळतं, आता फार कळतं, पण तिचा त्या गोष्टींमधला चेहरा आमच्यापैकी कोणाकडेच नाही. ती जाऊन खूप वर्षं झाली. तिला आता बाहेर ये म्हणता येत नाही.

तुझं तसं नाही. यंदा अधिक मास आला, त्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि गावी जायला अवकाश आहे. तोवर थांबू नकोस. आजच रात्री जेवणं झाली की जाऊबाईंना फोन लाव. फोन स्पीकरवर ठेव, मुलीला शेजारी बसव. म्हण, वहिनी, त्या रात्री मी मागल्या दारी होते, आत काय काय झालं ते मला सांगा. मग त्यांना बोलू दे. मधे दुरुस्त्या करू नकोस, सोवळ्याचा विषय काढू नकोस. कोण काय म्हणालं, सासूबाई कशावरून हसत सुटल्या, सासऱ्यांनी टपरीवर किती कांदे चिरले, सगळं ऐक. एक वर्ष उशिरा का होईना, त्या पंगतीला बस.

आणि फोन ठेवण्याआधी त्यांना विचार, त्या ताटात माझ्यासाठी काय काय वाढून ठेवलं होतं.