पहिल्यांदाच स्केल मॉडेल कार बनवणार आहे, कोणता स्केल घेऊ आणि काय सांभाळू?

पहिलंच किट असेल तर डोळे झाकून १/२४ घ्या, साडेचार मीटरची खरी गाडी त्यात साधारण १९ सेंटीमीटरची होते म्हणजे डॅशबोर्ड, सीट सगळं हाताला नीट येतं. पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात त्यातून पिळून तोडू नका हां, निपरने म्हणजे प्लास्टिक कापायच्या छोट्या पकडीने जरा लांबून कापा आणि उरलेलं टोक ब्लेडने हळूहळू तासा. बॉडी साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून मगच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, आणि स्प्रेचे पातळ पातळ हात द्या, जाड मारला की दारांच्या रेघा बुजतात, फार वाईट वाटतं बघून. काचांना सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने पांढरा धुरकट थर चढतो, माझी अख्खी विंडशील्ड अशीच गेली, तिथे फेविकॉलसारखा पांढरा पीव्हीए ग्लू वापरा, तो वाळला की पारदर्शक होतो.