वाचकांचे प्रश्न : घाटात रेटल्या जाणाऱ्या डिझेल गाडीचं ऑइल

प्रश्न : २०२१ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. आठवड्यातून दोनदा मुंबईला जाणं-येणं होतं. पाच माणसं, वर सामान. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ असं लिहिलंय. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ‘कसारा घाटात गाडी रेटता ना, मग १५डब्ल्यू-४० टाका, जाड ऑइल इंजिनाला धरून राहतं.’ ऐकावं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : या गाडीपुरतं ऐकू नका. मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही, पण तो डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर, नसलेल्या गाड्यांवरचा आहे. तुमच्या मॅन्युअलमधलं एसीईए सी३ हा डीपीएफवाल्या गाड्यांच्या ऑइलचा युरोपीय दर्जा आहे.

३० आणि ४० हे आकडे ऑइल १०० अंशांना किती दाट राहतं ते सांगतात. घाटात ओझं घेऊन चढताना मात्र बेअरिंगमधलं ऑइल त्याहून तापतं आणि भरडलं जातं. त्यासाठी १५० अंशांवरची वेगळी चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. तिथे दाटपणा मिलिपास्कल-सेकंदात मोजतात; साध्या ३० ग्रेडला किमान २.९ पुरतात. सी३ला मात्र ग्रेड ३० असो की ४०, किमान ३.५ लागतात, ५डब्ल्यू-४० ग्रेडची किमान अटही तेवढीच. म्हणजे ज्याला तुम्ही ‘पातळ’ समजताय ते सी३ ऑइल घाटात ५डब्ल्यू-४०च्याच अटीला उतरलेलं असतं. १५डब्ल्यू-४०ला ३.७ लागतात, पण एवढ्याशा फरकासाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे.

ती किंमत राखेची. ऑइलमधली काही रसायनं जळली की राख उरते. डीपीएफमधली काजळी सुमारे ६०० अंशांना जळून जाते, राख जळत नाही. ती साठतच जाते आणि शेवटी फिल्टर काढून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. सी३मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रकसाठीच्या अनेक १५डब्ल्यू-४० ऑइलमध्ये ती १ टक्क्याच्या वर असते. म्हणून कॅन घेताना पुढच्या बाजूचे मोठे आकडे वाचून थांबू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘सी३’ नसेल तर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेलं असूनही ते ऑइल तुमच्या गाडीचं नाही. ए३/बी४ हा दर्जा उत्तमच, पण डीपीएफ नसलेल्या गाडीसाठी. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. निफाडच्या गारठ्यातही १५डब्ल्यू घातलेली गाडी सुरू होईल, फक्त पहाटे टर्बोपर्यंत ऑइल पोचायला थोडा जास्त वेळ लागेल.

तुम्ही बदलायला हवी ती ऑइलची मुदत. मॅन्युअलमध्ये साध्या वापराला १०,००० किमी असतील, तर तुमच्यासारख्या वापराला ७,००० ते ७,५०० धरा, आणि दर वेळी फिल्टरही बदला. ऑइल गरम असताना काढा, पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निथळू द्या, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका. सांगितलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबा आणि मग ऑइलची पातळी दाखवणारी काडी (डिपस्टिक) बघून उरलेलं घाला. आधीच पूर्ण माप ओतलं आणि जुनं थोडं आत राहिलेलं असलं, तर पातळी वर जाते. मग क्रँक ऑइलला फेस आणते, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

गाडी चालवण्याच्या दोन सवयी ऑइलइतक्याच महत्त्वाच्या. घाटात वरच्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर गाडी ओढत नेऊ नका. ओझं पूर्ण आणि फेरे कमी, अशा वेळी बेअरिंगमधला ऑइलचा थर सर्वात पातळ होतो. एक गिअर खाली घ्या; इंजिनाचा आवाज वाढेल, तो चालतो. दुसरं, घाट संपला की इगतपुरीत चहाला थांबण्याची आपल्याकडची रीतच आहे. पण थांबल्याबरोबर चावी फिरवू नका, दीड-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. नाहीतर लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं.

प्रश्न : माझी डीपीएफवाली गाडी रोज घर ते अंबड, जेमतेम सहा किमी चालते. काडीवर ऑइल ‘मॅक्स’च्या वर गेलंय आणि डिझेलचा वास येतो. वाढलं कसं?
– एक वाचक, सिडको

उत्तर : ऑइल वाढलेलं नाही, त्यात डिझेल मिसळलंय. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल उडून जातं, डिझेल सहजासहजी उडत नाही. सहा किमीत ही जळण्याची क्रिया अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते आणि दर वेळी थोडं डिझेल खाली येतं.

आता ऑइल आणि फिल्टर बदला, वरचं ऑइल नुसतं उपसून भागणार नाही. पातळी खूप चढली तर इंजिन ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) स्वतःचंच ऑइल ओढून, ते जाळत भरकटू शकतं, म्हणजे चावी बंद केली तरी आवरत नाही. तोवर गाडी रेटू नका. बदलल्यावर स्कॅनरने ऑइलचा काउंटर शून्यावर आणायला सांगा. पुढे आठवड्यातून एकदा पांडवलेण्यांवरून विल्होळी-घोटीकडे वीसेक मिनिटं ६०च्या वर सलग चालवा. आयडल नेहमीपेक्षा वर असेल, गाडी थांबवल्यावर पंखा सुरू राहत असेल किंवा गरम वास येत असेल, तर काजळी जळतेय असं समजा आणि शक्यतो गाडी बंद करू नका. हळू चालणारी गाडी ऑइलला सोपी, हा समज काढून टाका. या गाडीला ५,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

प्रश्न : २०११ची डिझेल हॅचबॅक, डीपीएफ नाही, १,८०,००० किमी. हजार किमीला अर्धा लिटर ऑइल पिते. ५डब्ल्यू-३० सोडून जाड घालू? आणि फ्लश करू का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असेल तर खुशाल घाला, इथे राखेची अडचण नाही. त्याने पिणं थोडं कमी होईल, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा मात्र नव्या होणार नाहीत. आधी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचा, पाइप काढून बघा. आत ऑइल साचलं असेल तर टर्बोचं सील किंवा ब्रीदर तपासा, दोष ग्रेडचा नाही. फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, करू नका. जुना गाळ सुटला की चेंबरमधल्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचं प्रेशर पडतं. त्यापेक्षा चांगलं ऑइल घालून लागोपाठ दोनदा ३,००० किमीला बदला, गाळ हळूहळू निघेल.

प्रश्न : बदलल्यावर ५०० किमीत ऑइल काळं. भेसळ?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : डिझेलमध्ये ते व्हायचंच. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. भेसळीची शंका कॅनवर घ्या : झाकणाचं सील, बॅच नंबर, छपाईची तारीख. रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडू नका, फाडून टाका.

प्रश्न : समृद्धीवर ऑइल कमी झालं आणि नेमकं आपलं मिळालं नाही तर?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : मिळेल ते डिझेल इंजिनाचं ऑइल अर्धा लिटर घाला, काडीवर ‘मिन’च्या वर आणा आणि वेग ८०च्या आत ठेवून या. दुसऱ्या कंपनीचं मिसळल्याने इंजिन बिघडत नाही. ऑइल नसताना चालवल्याने बिघडतं. डीपीएफ असेल तर परतल्यावर ते बदला.