बाळंतिणीचं बीपी: "जागरणामुळे डोकं दुखतंय" एवढ्यावर थांबू नका

ताई, तुमची वहिनी सहा दिवसांची बाळंतीण, सिझर झालेलं, डोकं ठणकतंय, बीपी १५२/९८, आणि फोनवर उत्तर मिळालं "जागरणामुळे असेल, सोमवारी ओपीडीत या". आमच्याही घरात हेच होऊन गेलंय, म्हणून सांगते: आजच न्या. हा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी वाढून झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा आजार, असू शकतो. मी डॉक्टर नाही, औषधं तेच ठरवतील.

गरोदरपणात बीपी नॉर्मल होतं याचा भरवसा धरू नका. बाळंतपणानंतर ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. धोका सहा आठवडे राहतो. १६०/११० किंवा यातला एकच आकडा तिथवर गेला, तर १०८ लावा. डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, झटके यातलं काही असेल तर आकड्याचीही वाट बघू नका. पाठीत भूल दिल्यावरचं डोकं बसलं की दुखतं, आडवं झालं की उतरतं. तसं नसेल तर भुलीवर खापर फोडू नका.

आम्हाला महागात पडला तो केसपेपर. त्यावर नुसतं "डोकेदुखी" लिहिलं गेलं. बाळ घरी, पोट उतरलेलं, मग खिडकीवरच्या माणसाला कळणार कसं? मेडिसिनवाले म्हणतात गायनॅककडे जा, गायनॅकवाले म्हणतात डिलिव्हरी झाली, आता मेडिसिन. एका मजल्यावरून दुसऱ्यावर चिठ्ठ्या नाचवण्यात वेळ जातो आणि पेशंट बाकड्यावर! पन्नाशीच्या माणसाला याच आकड्यावर गोळी देऊन घरी पाठवतात. ओल्या बाळंतिणीत तोच आकडा झटक्यांच्या आधीचा असू शकतो. म्हणून पहिलं वाक्य हेच: "बाळंतीण आहे, सहावा दिवस, बीपी इतकं, डोकं दुखतंय." डिलिव्हरीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या, हटून बसा.

रक्तातल्या प्लेटलेट, एसजीपीटी (लिव्हरसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लघवीतलं प्रोटीन बघतील. अंगावरून जात असताना साध्या नमुन्यात रक्त मिसळून प्रोटीन खोटं दिसू शकतं, तेव्हा नमुना नळीने घेतात. आणि प्रोटीन नाही म्हणजे आजार नाही, असंही नाही. झटक्यांचा धोका वाटला तर मॅग्नेशियम सल्फेट देतात, बहुधा २४ तास. त्यात अंग तापल्यासारखं होतं, घाबरू नका. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी मात्र नर्सने तपासत राहायला हवी. लॅबेटालॉल, निफेडिपिन ही बीपीची औषधं चालू असताना अंगावर पाजता येतं, दूध तोडायला लावणाऱ्या मावश्यांना तसं सांगा. रक्तस्रावासाठी मेथर्जिन चालू असेल तर आधी सांगा, त्याने बीपी चढतं.

घरी मोजताना मनगटाचं मशीन नको. पाच मिनिटं टेकून बसवा, दंड छातीच्या पातळीत, कफ दंडाला पुरेसा. तोकडा कफ आकडा फुगवतो. निघायच्या घाईत मोजत बसू नका, आधीचेच आकडे वेळेसकट कागदावर लिहा. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं घ्या.