वाचकांचे प्रश्न : महागडे घड्याळ कोणाकडून घ्यावे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा सीए झाली. तिला ओमेगा या स्विस कंपनीचे सीमास्टर घड्याळ भेट द्यावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले आहे. कॉलेज रोडवरील एका परिचितांमार्फत दुबईहून घड्याळे आणणारा विक्रेता भेटला असून, तो अधिकृत दुकानापेक्षा लाखभर रुपये कमी सांगतो. डबा आणि वॉरंटी कार्ड मिळेल, मात्र बिल मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हा व्यवहार करावा का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बिल मिळणार नाही, या एकाच कारणासाठी हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घड्याळ बनावट असेलच, असे मी म्हणणार नाही. परदेशातील अधिकृत दुकानांत जी मॉडेल्स पडून राहतात, ती कमी भावात बाहेरच्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि तेथून हातोहात फिरत आपल्याकडे येतात. त्यामुळे अधिकृत विक्रेत्यांना वगळून चालणाऱ्या या ‘ग्रे मार्केट’मध्ये अस्सल मालही असतो. जीएसटीचे रीतसर बिल आणि आयातीची कागदपत्रे देणारे विक्रेतेही या व्यवसायात आहेत. आपल्याला भेटलेले गृहस्थ त्यांपैकी नाहीत.

बिल नसेल, तर सीमाशुल्क भरले गेले की नाही, हे कळण्यास मार्ग उरत नाही. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 123 मध्ये सोन्याच्या जोडीने घड्याळांचा स्पष्ट उल्लेख आहे. तस्करीच्या सबळ संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते ज्याच्याकडे सापडले त्याच्यावर येते. विक्रेता नामानिराळा राहील आणि खुलासा आपल्या मुलीला करावा लागेल.

आता वॉरंटीविषयी. ओमेगाची वॉरंटी पाच वर्षांची व आंतरराष्ट्रीय आहे. परंतु कार्ड अधिकृत विक्रेत्याने पूर्ण भरलेले असले, तरच ती लागू होते. कार्डावर विक्रेत्याचे नाव खोडलेले असेल, किंवा विक्रीची तारीख वर्षभरापूर्वीची असेल, तर पाच वर्षांतली काही किंवा सगळीच गेली असे समजावे. कार्डावरील क्रमांक घड्याळाशी जुळवून पाहणेही आवश्यक आहे. पट्टा जेथे जोडला जातो, त्या टोकाच्या मागील बाजूस तो इतका बारीक कोरलेला असतो की भिंगाशिवाय वाचता येत नाही. आपल्या मेन रोडवरील जुने घड्याळजी हाताचे कुशल असतात, याबद्दल मला शंका नाही. मात्र अशा घड्याळांचे मूळ सुटे भाग कंपन्या बाहेरच्या कारागिरांना सहजासहजी देत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीसाठी अखेर कंपनीच्याच सेवा केंद्राचा दरवाजा ठोठवावा लागतो.

कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. त्यासाठी मुंबईला जावे लागले, तरी जावे आणि सवलत निःसंकोच विचारावी. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा ‘एफ्टा’ गट यांच्यातील व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला असून, स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. त्यामुळे शुल्क चुकवून आणलेल्या मालाच्या स्वस्ताईतही पुढे फारसा अर्थ राहणार नाही. रोलेक्सच्या मागणी असलेल्या स्टीलच्या मॉडेल्सचे गणित मात्र उलटे आहे. अधिकृत दुकानात प्रतीक्षा यादी असल्याने ती बाहेर छापील किमतीपेक्षा महाग मिळतात.

प्रश्न : मी असेच एक घड्याळ बिलाविना घेतले असून, आता त्याच्या काचेखाली बाष्प धरते. विक्रेता दाद देत नाही. काही करता येईल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : होय. प्रथम घड्याळ वापरणे थांबवावे, कारण ओलाव्याने आतले भाग गंजतात. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात ते उघडून घ्यावे आणि आढळलेले दोष लेखी मागावेत. जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव केलेली घड्याळेही नवी म्हणून विकली जातात, तेही येथेच उघड होईल. यूपीआय किंवा बँकेची नोंद आणि विक्रेत्याचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवावेत, कारण बिल नसताना खरेदीचा पुरावा म्हणून त्यांचाच आधार असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता परगावचा असला, तरी आपण राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे नाशिकच्या, ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि विक्रेत्याला लेखी नोटीस पाठवून तिची पोच जपून ठेवावी.