मराठी मीडियम, बीकॉम, मध्ये चार वर्षं घरी. आता सॉफ्टवेअरमध्ये जाता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यम, मग बीकॉम, लग्न, बाळ, चार वर्षं घरीच, आता वय २९, तर डेव्हलपर होता येईल का आणि कुठला कोर्स लावू. माझं पण जवळजवळ असंच झालंय म्हणून लिहायला बसले. होता येतंय. पण कोर्सचं नंतर बघू, आधी मला सांगा, रोज हातानं करावं लागणारं आणि डोकं उठवणारं असं कुठलं काम तुमच्याजवळ आहे? माझी वाट तिथनंच सुरू झाली.

मी बेळगावात एका पतसंस्थेच्या सोसायटीत क्लार्क होते. पिग्मी आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं दोन आण्यांपासून सुरू केलेली ती रोजची बचत. आमचे चार एजंट संध्याकाळी यायचे, त्यांच्या मशीनमधनं कागदाची लांब पट्टी निघायची आणि ती बघून ३१२ खात्यांचे आकडे मी एक्सेलमध्ये टाकायची. एक आकडा चुकला की टोटल जुळायची नाही, मग सगळ्या पट्ट्या परत पहिल्यापासून. साडेसहाची बस गेली की घरी पोचायला आठ, मुलगा सासूबाईंच्या मांडीवर झोपलेला असायचा. ह्या एका त्रासापायी मी आधी एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे तेच तेच काम आपोआप करून घ्यायची सोय, शिकले, २०१७ मध्ये, आणि मग दिरांच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा. मशीनमधनं फाइल काढता येते हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, एजंटलाच विचारलं तेव्हा कळलं.

पहिला प्रोग्राम चालला त्या दिवशी काय आनंद झाला होता! आणि दुसऱ्याच दिवशी टोटल वीस रुपयांनी कमी. दोन तास शोधत होते. शेवटचं ३१२ नंबरचं खातं वाचलंच जात नव्हतं, कारण पायथनमध्ये रेंजला (कुठनं कुठपर्यंत मोजायचं ते सांगणारी आज्ञा) एक ते ३१२ असं सांगितलं की ते ३११ लाच थांबतंय, शेवटचा आकडा धरत नाही. ते खातं भाजी विकणाऱ्या एका आजींचं होतं. त्यांचे वीस रुपये माझ्या एका आकड्यामुळं बुडाले असते हे बघून मला घाम फुटला, आणि त्या दिवसापासनं मी पहिली आणि शेवटची ओळ हातानं तपासल्याशिवाय कुठलाच कोड पुढं देत नाही, अजूनही. नंतर व्याजाचा हिशोब लिहिताना तसंच. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगितली तर साध्या पद्धतीनं ती बरोब्बर ०.३ येत नाही, लांब शेपटी लागते, म्हणून पैशाला डेसिमल, म्हणजे दशांश जसाच्या तसा धरणारा आकड्याचा प्रकार, वापरायचं. हे तुम्हाला बीकॉममुळं लवकर कळेल बघा, पैसा-पैसा जुळवायची सवय असती आपल्याला.

इंग्रजीची भीती मलाही होती. त्यावर मी एक वही केली. स्क्रीनवर एरर आला की तो जसाच्या तसा लिहायचा आणि बाजूला मराठीत अर्थ. इंडेक्स एरर म्हणजे यादी संपली तरी तू पुढं हात घातलायस. नेम एरर म्हणजे हे नाव मला कुणी सांगितलंच नाही. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळ आत-बाहेर झालीय. चाळीसेक शब्दांत माझं बरंच भागलं, फाडफाड बोलता येणं आणि एरर वाचता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो.

घरात कुणीतरी म्हणालंच, हे बाईमाणसाचं काम नव्हं. १९४० च्या दशकात अमेरिकेत एनिआक नावाचं खोलीभर मोठं कॉम्प्युटर बांधलं, त्याचे पहिले सहा प्रोग्रामर सगळ्या बायकाच होत्या, आणि त्याच्या आधी त्या तोफगोळा कुठं पडेल त्याची गणितं करायच्या कामावर होत्या. म्हणजे हिशोबातनंच आलेल्या. मला ते वाचून फार धीर आला होता.

नोकरीचं खरं सांगते. दीड वर्ष रात्री नऊ ते अकरा शिकल्यावर अर्ज केले, दोन ठिकाणी फक्त 'मध्ये गॅप का' एवढंच विचारून परत पाठवलं, खूप लागलं ते मनाला. तिसरीकडं, टिळकवाडीत एक छोटं ऑफिस होतं, उद्यमबाग ह्या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्रींना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचं, तिथं मी लॅपटॉप उघडून पिग्मीचा प्रोग्रामच चालवून दाखवला (नावं आणि आकडे बदलून, खातेदारांची माहिती कधीही बाहेर न्यायची नाही). पगार नऊ हजार. पण कारखान्यातला फोरमन कन्नडमध्ये सांगायचा, मालक मराठीत, कागद इंग्रजीत, आणि मला तिन्ही कळायचं, त्यामुळं काय बनवायचंय ते विचारायला मलाच पाठवायचे. सीमाभागात वाढल्याचा हा फायदा तुम्हालाही आहे, कमी समजू नका. तीन वर्षांनी पुण्याच्या कंपनीचं काम मिळालं, आता घरनंच करते.

आता कोर्स. लाखभर कर्ज काढून 'नोकरीची हमी' वाल्या क्लासला जाऊ नका, मी कळकळीनं सांगते. एनपीटीईएल ह्या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, कोडिंग शिकवणारी फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइटही फुकट आहे. आधी पायथन, मग एसक्यूएल, कारण डेटा सगळा डेटाबेसमध्ये असतोय आणि तो तिथनं काढायची ही भाषा, मग गिट, म्हणजे कोडमध्ये केव्हा काय बदललं ते जपून ठेवणारं साधन. वेबसाइटची कामं करायची असतील तर जावास्क्रिप्ट ही भाषा. आणि घरात सांगून ठेवा की रात्रीचे ते दोन तास तुमचे. माझ्या सासूबाईंनी ते सांभाळलं नसतं तर माझं काही झालं नसतं.

तुमच्या घरी किराणा दुकान आहे असं लिहिलंय ना? मग उधारीच्या वहीचं एक पान घ्या, नाव, तारीख, रक्कम असं एक्सेलमध्ये भरा, आणि कुणाकडं किती थकलंय ते पायथनकडनं काढायचा प्रयत्न करा. अडलं की एरर जसाच्या तसा इथं खाली टाका, मी रात्री दहानंतर बघते.