मे महिन्यात देवमासा दिसेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही फोंड्याचे. दोघं, मुलं दोन (वय 7 आणि 11) आणि सासूबाई. गेल्या डिसेंबरात सिंकेरीला बोटीतून डॉल्फिन बघितले तेव्हापासून धाकट्याने धोशा लावलाय की आता देवमासाच बघायचा. एजंट म्हणतो मे महिन्यात श्रीलंकेत मिरिसाचं पॅकेज एकदम स्वस्तात देतो. मिस्टरांना रेल्वेचं वेड, त्यामुळे थोडा तरी प्रवास ट्रेनने हवाच. सासूबाई विमानात बसायला तयार आहेत पण होडीत पाय ठेवणार नाही म्हणतात. पॅकेज घेऊ का?

उत्तर : ताई, आधी एजंटला विचारा की मे महिन्यातच स्वस्त का म्हणून. मिरिसा दक्षिण किनाऱ्यावर, तिथला देवमाशांचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये नैऋत्य मोसमी वारा सुटतो, समुद्र खवळतो, म्हणजे जूनमध्ये आपल्या मिरामारला जसा दिसतो ना तसा, मग हॉटेलं रिकामी आणि पॅकेज स्वस्त. त्याच दिवसांत पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा समुद्र मात्र शांत असतो आणि तिकडचा सीझन सुरू होतो, कारण मधला डोंगराळ भाग वारा अडवतो. शिवाय तिथे किनाऱ्याजवळच समुद्राखाली खूप खोल दरी आहे, त्यामुळे निळे देवमासे बऱ्यापैकी जवळ येतात. तेव्हा जायचंच असेल तर पॅकेजात त्रिंकोमाली घालायला सांगा, नाही म्हणाला तर एजंट बदला.

ट्रेनचं म्हणाल तर मिस्टरांची हौस मस्त भागेल. मडगावहून नेत्रावती किंवा मंगला पकडा, रात्र गाडीत काढा, आलुव्याला उतरलात की कोची विमानतळ जवळच, तिथून कोलंबोचं विमान. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यात कोकण रेल्वेची गर्दी तुम्हाला मी काय सांगू, पहिल्याच दिवशी सकाळी बसा. सासूबाईंचं वय नीट भरा म्हणजे लोअर बर्थ मिळायची आशा. मुलं दोन्ही पाचच्या वरची, स्वतंत्र बर्थ हवा तर तिकीट पूर्ण लागेल. आणि परतीचं जूनमध्ये ढकलू नका, पावसाळी टाइमटेबल लागलं की गाड्या सावकाश चालतात.

कोलंबो फोर्टहून त्रिंकोमालीला रेल्वे जाते, गाडीची वेळ मात्र निघण्याआधी तपासून घ्या. मिस्टरांना सांगा, तिथला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपल्यासारखाच, 5 फूट 6 इंच. एक दिवस हाताशी असेल तर गॉलच्या लाइनवर नुसती चक्कर मारून या, रूळ समुद्राला इतके चिकटून आहेत की खारा वारा डब्यात येतो. मुलांचे वेगळे पासपोर्ट आणि सगळ्यांचं ईटीए (श्रीलंकेत जायची ऑनलाइन परवानगी) आधीच करून ठेवा.

आता धाकट्याला आधीच एक गोष्ट सांगून ठेवा. आम्ही मार्चात मिरिसाला गेलेलो, पहाटे सहाला बोट, दोन तास नुसतं पाणी, माझी मुलगी आलेपाक चघळत हिरवीपिवळी पडलेली, आणि मग लांबवर पांढरा फवारा उडाला, दोन मजली घराएवढा तरी असेल. मग राखाडी-निळी पाठ सरकत गेली, सरकतच राहिली, संपेचना. शेवटी इवलासा पंख दिसला आणि गेला खाली, पुन्हा वर यायला दहाएक मिनिटं. मुलगी म्हणाली, "शेपटी कुठाय?" दाखवलीच नाही त्याने, दरवेळी दाखवतोच असं नाही. उड्या मारणारे डॉल्फिन डोक्यात ठेवून गेलं की हिरमोड होतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत चढायच्या आधीच द्या, उलटी सुरू झाल्यावर दिली तर तीही बाहेर येते. आणि बोटवाला मागे धावायला लागला तर सरळ थांबवा, सिंकेरीला डॉल्फिनना पाच-पाच बोटी घेरतात ते बघितलंच असेल तुम्ही, मला तर तो प्रकार अजिबात आवडत नाही.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना होडीत ओढूच नका. त्रिंकोमालीला समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वर म्हणून शंकराचं देऊळ आहे, जुनं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, नंतर पुन्हा उभं राहिलं. पोर्तुगिजांमुळे देव हलवावा लागला ती मंगेशीची कथा ठाऊक असलेल्या फोंड्याच्या बाईला वेगळं काय समजवायचं! तुम्ही बोटीत जाल तेव्हा त्यांना तिथे बसवा, सोबत पाणी आणि टोपी द्या. त्या कड्यावरून कधीकधी देवमाशाचे फवारे दिसतात, तेव्हा तुम्ही उलट्या करत परत याल आणि त्या म्हणतील, मला दोन दिसले.