शिवगडच्या ठाण्यातली वही

(पडद्यासमोर : वाचकांचे प्रश्न)

२०२४ च्या दिवाळीत आलेल्या ‘सिंघम अगेन’वर अजून पत्रं येतायत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच एका विषयाला दिलं आहे.

प्रश्न : पहिला ‘सिंघम’ मी २०११ मध्ये दोनदा पाहिला. आता तेरा वर्षांनी ‘सिंघम अगेन’ आला, म्हणून मुलानं सगळ्या घराची तिकिटं काढली. नातू शिट्ट्या मारत होता. मी मात्र मध्यंतराला बाहेर आलो, तो बाकड्यावरच बसून राहिलो. सून म्हणते, बाबा, तुमचं वय झालं. खरंच वयामुळे होतं का हो असं?
– एक निवृत्त गिरणी कामगार, भांडुप

उत्तर : काका, वयाचा यात काही संबंध नाही. मी पूर्ण चित्रपट पाहिला आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. असं का झालं, ते सांगायचं तर मला आधी घरचं थोडं सांगावं लागेल.

मी नायगावच्या पोलीस लाइनीत वाढले. वडील हवालदार, दंडावर तीन फिती. बारा-बारा तासांची ड्युटी, आणि गणपतीचा बंदोबस्त लागला की घराला त्यांचं तोंड दिसायचं नाही. मी शाळेत असताना डबा घेऊन ठाण्यात जायचे. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कडेला एक लांबट वही असायची. लाल कापडाची, कोपरे झिजून आतला पुठ्ठा दिसायला लागलेली. तिला सुतळीनं पेन बांधलेलं. जामिनावर सुटलेले लोक कोर्टाच्या अटीप्रमाणे ठरल्या दिवशी येऊन तिच्यात सही करून जायचे. एकदा सफारी घातलेले एक शेठ गाडीतून उतरले. त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं. वडील म्हणाले, “इथलंच घ्या.” सुतळी आखूड होती. त्या पेनानं लिहायचं तर टेबलावर वाकावंच लागे. शेठ वाकले, सही केली, गेले. वडिलांनी वही स्वतःकडे ओढली, सहीपुढे वेळ टाकली आणि डबा उघडला. भेंडीची भाजी होती.

आता पहिला ‘सिंघम’ आठवा. खलनायक जयकांत शिक्रेला अटीवर जामीन मिळालेला असतो, त्याला शिवगडच्या ठाण्यात येऊन सही करायची असते. तो माणसं पाठवतो. ठाण्याचा साहेब, म्हणजे नायक बाजीराव सिंघम म्हणतो, ज्याची सही त्यानंच यायचं. मग जयकांत गाड्यांचा ताफा घेऊन येतो, आणि गाव बाहेर पडतं. एवढा मोठा माणूस, पण भांडण कशावरून, तर वहीतल्या एका सहीवरून! त्या अपमानातूनच बाजीरावची गोव्याला बदली होते आणि पुढचा सगळा चित्रपट घडतो. दादरच्या चित्रा टॉकीजमध्ये मी तो पाहिला, तेव्हा त्या प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. (चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. त्यावर एकदा वेगळं लिहायचंय.)

ही गोष्ट मुळात आपली नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. २०१० च्या तमीळ ‘सिंगम’वरून रोहित शेट्टींनी हा चित्रपट केला. तिथे नायक सूर्या होता. खलनायक मात्र दोन्हीकडे प्रकाश राजच. पण इकडे आणताना त्यात आपली माणसं आली. अशोक सराफांचा हवालदार सावळकर आला. अनंत जोग, सचिन खेडेकर आले. नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसायला धडपडणारी सोनाली कुलकर्णींची मेघा कदम आली. अजय देवगण ‘आता माझी सटकली’ म्हणाला, तेव्हा थिएटरातला मराठी माणूस उगाच उभा राहिला नव्हता. ते ठाणं त्याच्या ओळखीचं होतं.

‘सिंघम अगेन’मध्ये सिंघमच्या बायकोला, अवनीला पळवून श्रीलंकेत नेतात आणि सिंघम तिला सोडवायला जातो. रामायणाची सगळी मांडणी त्यावर बसवली आहे. रणवीर सिंगचा सिम्बा हनुमानाच्या जागी, टायगर श्रॉफचा सत्या लक्ष्मणाच्या जागी. हेलिकॉप्टरं आहेत, स्फोट आहेत, मोठमोठे नट एकामागून एक येतात. पण लक्षात राहील असं एक ठाणं नाही, आणि मला तरी त्यात एकही हवालदार आठवत नाही. ज्या माणसाची सगळी ताकद एका वहीत होती, त्याच्या हातातून वहीच काढून घेतली. मग राहतो तो फक्त जोर, आणि नुसता जोर बघून माणूस थकतो. काका, तुम्ही बाकड्यावर बसलात ते म्हणून.

प्रश्न : मला हा चित्रपट मनापासून आवडला, पण ऑफिसात सांगायची चोरी झाली आहे. सगळे नाकं मुरडतात. माझी आठ वर्षांची मुलगी दीपिकाची शक्ती शेट्टी पाहून आल्यापासून ‘मी पोलीस होणार’ म्हणतेय. आम्ही चुकतोय का?
– एक आई, गिरगाव

उत्तर : अजिबात नाही. या मालिकेत इतकी वर्षं बाईनं काळजी करायची, पळवली जायची, नाहीतर वाट बघायची. त्यात एक वर्दीतली बाई दणक्यात आली, तर मुलीनं टाळ्या वाजवायच्याच. मीही वाजवल्या. माझी तक्रार तिच्या वाट्याला किती कमी आलं याबद्दल आहे. नाकं मुरडणाऱ्यांना खुशाल सांगा.

मुलगी खरंच म्हणत असेल, तर एका रविवारी पहाटे तिला एखाद्या मैदानावर न्या, जिथे पोलीस भरतीची तयारी चालते. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे हल्ली धावणाऱ्या मुली पुष्कळ दिसतात. घड्याळ लावून एकमेकींना ओरडून वेळ सांगतात. तुमच्या लेकीला त्या शक्ती शेट्टीइतक्याच आवडतील असं मला वाटतं.

प्रश्न : मधले भाग पाहिले नसतील तर कळतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कळतं. क्रम हवा असेल तर ‘सिंघम’ (२०११), ‘सिंघम रिटर्न्स’ (२०१४), ‘सिम्बा’ (२०१८), ‘सूर्यवंशी’ (२०२१), मग हा. वेळ एकाचाच असेल तर पहिला.

प्रश्न : उशिरा आलेले पुढचे भाग आपल्याकडेच फसतात, की इंग्रजीतही?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : तिकडेही फसतात. १९८८ च्या ‘डाय हार्ड’मध्ये लॉस एंजेलिसची एक इमारत आणि अनवाणी पोलीस, एवढंच होतं. फुटलेल्या काचांवरून तो चालतो ते आपल्याला तळपायाला लागतं. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये पाचवा भाग आला, तो थेट रशियात. मोठमोठ्या गाड्या चिरडल्या, पण त्या पायाइतकं काही लागलं नाही. उलट ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’चा चौथा भाग तिसऱ्यानंतर तीस वर्षांनी, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि मी तो हसत बघितला. एडी मर्फीचा ॲक्सल त्यात आपल्या जुन्या पोलीस मित्रांकडे परत जातो, आणि ते मित्रही म्हातारे झालेले दाखवलेत. वर्षं गेली हे लपवलेलं नाही. अजय देवगणच्या बाजीरावलाही असं वय दिलं असतं, तर मी पुन्हा तिकीट काढलं असतं.

प्रश्न : माझे यजमान पोलीस शिपाई आहेत. असला चित्रपट लागला की सोसायटीतले लोक त्यांना विचारतात, ‘काय साहेब, तुम्ही का नाही ठोकत?’ ते हसून सोडून देतात, पण मला राग येतो. माझा राग चुकीचा आहे का?
– एक गृहिणी, वरळी

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. आणि इथे मला माझ्या लाडक्या पहिल्या भागाविरुद्धही बोललं पाहिजे. त्याच्या शेवटी सगळं पोलीस दल मिळून जयकांतला संपवतं. ज्या बाजीरावानं सहीसाठी कायदा धरून ठेवला, तोच शेवटी कायदा बाजूला ठेवतो. ‘सिम्बा’मध्ये तर ठाण्यातच आरोपींना गोळ्या घालतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका जाहीर भाषणात ‘सिंघम’चं नाव घेऊनच ही गोष्ट धोक्याची असल्याचं सांगितलं होतं. मला ते वाचून वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

१९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ आला, तेव्हा मी दहावीत होते. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. त्यातला सब-इन्स्पेक्टर वेलणकर रागाच्या भरात एका भुरट्या चोराला कोठडीत इतका मारतो की तो मरतो, आणि तिथून वेलणकरची सुटका नाही. वडील तो पाहून आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना एवढंच म्हणाले, “तो पोरगा मेला तेव्हा ठाण्यातला हवालदार काय करत होता, ते दाखवायला हवं होतं.”

सोसायटीत कुणी पुन्हा विचारलं, तर यजमानांना हसू देऊ नका. तुम्हीच विचारा, की २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, ते तुम्हाला माहीत होतं का? त्याआधी किती तासांची ड्युटी असायची, ते सांगा. आणि यजमानांची काल किती तासांची झाली, तेही.